गुरुवारी हाउसफुल्ल

चोरी झाल्याची बातमी ऐकून कुणाला आनंदाच्या उकळ्या फुटत नाहीत. नबीलाला फुटल्या. तळवड्याच्या ऑफिसात, गुरुवारी दुपारी, डब्यातला पहिला घास तोंडाशी नेलेला असताना शेजारच्या अजिंक्यने मान न वळवता सांगितलं, "कोर्टाची ऑर्डर आलीय अजून एक. साइटी बंद करायच्यात. या वेळेला चक्क मराठी पिक्चर आहे राव, 'उभ्याचं काम' म्हणे. असलं काय नाव असतं का?" घास तिथेच थांबला. मानेपासून कानशिलापर्यंत काहीतरी गरम सरसरत वर गेलं आणि ते आता चेहऱ्यावर दिसणार, या भीतीने तिने खाली डब्यातच पाहिलं. मग घास परत ठेवला, हात पुसले आणि अगदी साधेपणाने, म्हणजे निदान तिला वाटलं तेवढ्या साधेपणाने, म्हणाली, "पाठव इकडे, मी करते." अजिंक्यने भुवई उडवली. असलं कंटाळवाणं काम ती कधी आपणहून अंगावर घेत नसे.

कंपनी म्हणजे एका जुन्या केबलवाल्याने, ज्योतीरामशेठने, वाढवत नेलेला पसारा. तळवडे, चिखली, कुरुळी, निघोजे, महाळुंगे. कारखान्यांत राबणारी माणसं जिथे जिथे भाड्याच्या खोल्यांत राहतात तिथे तिथे खांबाखांबावरून यांची तार गेलेली. इंटरनेट पुरवायचा परवाना घेतला की त्याच्याबरोबर हे एक लोढणंही गळ्यात येतं. एखादा निर्माता कोर्टात जातो, माझा सिनेमा अमक्या साइटींवर फुकट वाटला जातोय म्हणून गाऱ्हाणं घालतो, आणि कोर्ट इंटरनेट कंपन्यांना फर्मावतं की तुमच्या तारेवरून त्या साइटी उघडता कामा नयेत. कंपनी मोठी असो की ज्योतीरामशेठची, हुकूम तोच. क्रिकेटच्या मोसमात तर हे हुकूम रतीब घातल्यासारखे येतात. पण ते सगळे बड्यांचे. हिंदीतले धुरळा उडवणारे सिनेमे, परदेशी मालिका. एका बंद पडलेल्या शेडमध्ये आणि दोन उसन्या खोल्यांत काढलेल्या सिनेमासाठी हायकोर्टाचा शिक्का उठावा, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. नबीलाने तो इंग्रजी आदेश उघडला. 'वादीचा उपरोक्त चित्रपट', 'अपरिमित हानी', 'तातडीने'. केवढे भारदस्त शब्द! आपला सिनेमा चोरण्याच्या लायकीचा निघाला, असं तिला वाटलं आणि हसू दाबता दाबता डोळ्यांत पाणी आलं. रिकाम्या घरात चोर कशाला शिरेल?

आपला सिनेमा, हे ती फक्त मनात म्हणू शकत होती. पडद्यावर नबीला कुठेच नव्हती, शेवटी सरकत जाणाऱ्या नावांतही नव्हती. चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर लागलेली, अख्खी शिफ्ट उभ्याने वायरी जोडणारी गोदा, ही त्या सिनेमाची नायिका. गोदाचा चेहरा मुंबईच्या एका नटीचा होता आणि गोदाचा आवाज नबीलाचा. नटी गुणी होती, डोळ्यांनी तर असं बोलायची की बघत राहावं, पण तोंड उघडलं की गोदाची कॉन्व्हेंटमधली मुलगी व्हायची. म्हणून आवाज दुसरीचा घ्यायचं ठरलं, आणि नटीने एकच अट घातली की ही गोष्ट बाहेर जाता कामा नये. नबीलाने सही केली होती. सहीपेक्षाही तिला बांधून ठेवलं होतं ते दिग्दर्शिकेला, भाग्यश्रीताईला, दिलेल्या शब्दाने. भाग्यश्रीताई पिंपरीतलीच, कामगाराची मुलगी. तिचे वडील बुद्धविहाराच्या कार्यक्रमात माइक तपासायचे, त्यामुळे कान तिला वारशाने मिळाला होता असं ती सांगायची. तिने नबीलाला शोधलं ते शेअर रिक्षात. रिक्षावाल्याने मागे चौथं माणूस कोंबलं, अम्मीचे सुजलेले गुडघे दाबले गेले आणि नबीलाचा तोल सुटला. एरवी ती चारचौघींसारखं पिंपरीचं मराठी बोलायची, पण भांडायला लागली की तिच्या तोंडी अम्मीची जालन्याकडची बोली यायची. कासारवाडीपर्यंत ती रिक्षावाल्याची सालटी काढत होती, आणि ते कोंबलेलं चौथं माणूस, म्हणजे खुद्द भाग्यश्रीताई, डोळे मिटून ऐकत होतं. उतरताना ताई म्हणाली होती, "तुमचा राग मला पाहिजे. देता का?"

आणि मग ती काचेची खोली. आत्ता ऑफिसातल्या एसीच्या घरघरीतसुद्धा नबीलाला तिचा वास आला. जाड पडद्यांचा, कोंदट गालिच्याचा, आणि आधी कुणीतरी खाऊन गेलेल्या खडीसाखरेचा. अंधार, कानांवर जड हेडफोन, समोर दुसऱ्या बाईचं भलंमोठं तोंड, आणि त्या तोंडात आपला जीव बसवायचा. शब्द बसवणं फारसं कठीण नव्हतं. श्वास बसवणं कठीण. गोदा शिफ्ट संपवून भिंतीला टेकते, तिथे नटीने श्वास छातीतून सोडला होता. नबीलाला ते पटेना. उभं राहून राहून दमलेलं माणूस छातीने दमत नाही, पोटऱ्यांनी दमतं. अम्मी लग्नाआधी कापसाच्या जिनिंगमध्ये जायची आणि इकडे आल्यावर कितीतरी वर्षं एका पॅकिंगच्या कारखान्यात उभी होती. संध्याकाळी घरी आल्यावर ती उंबऱ्यात थांबायची, आत यायच्या आधी एक श्वास घ्यायची, आणि तो श्वास ऐकूनच पोरांना कळायचं की आज काही मागायचं नाही. नबीलाने तो श्वास घेतला. काचेपलीकडे भाग्यश्रीताईने नुसता अंगठा वर केला आणि ती पाठ फिरवून उभी राहिली. त्या क्षणी नबीलाला जे झालं त्याला नाव नव्हतं. आपल्या आत इतकी वर्षं कुणीतरी बसून होतं आणि आज त्याला पहिल्यांदा दार सापडलं, असं काहीतरी. रात्रभर ती पलंगावर उगाच ओठ हलवत पडली होती. शाळेत तिला कधी नाटकात घेतलं नाही, स्नेहसंमेलनात ती कायम खुर्च्या लावणाऱ्यांत. आणि आता ती बोलत होती, आणि अख्खं चाकण ऐकणार होतं.

ऐकलं कुणी? मागच्या रविवारी तिने अब्बा-अम्मीला चिंचवडच्या थेटरात नेलं होतं. सकाळचा खेळ. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा, आणि थंडी अशी की अम्मीने पदर डोक्यावरून गळ्याशी गुंडाळून घेतला. नबीला पडदा बघतच नव्हती. ती अंधारात या दोघांचे चेहरे बघत होती. आता ओळखतील, आता अब्बा वळून बघतील, या वाक्याला तर नक्कीच. गोदा रडली तिथे अम्मी रडली. गोदा सुपरवायझरला फाडफाड बोलली तिथे अब्बा खुशीत येऊन पुढे सरकले. आणि बाहेर आल्यावर, कासारवाडीत तीस वर्षं गॅरेज चालवणारे, गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच नुसत्या आवाजावरून तिचा बिघाड सांगणारे अब्बा म्हणाले, "पोरगी झकास बोलली की. आपल्याकडचीच असणार कुठली तरी." मग त्यांनी समोसे घेतले. अम्मी म्हणाली, बिचारीच्या पायांचं दुखणं अगदी खरं वाटत होतं. नबीलाने समोसा खाल्ला. तो तिला कागदासारखा लागला. अब्बांना इंजिनाचा आवाज कळतो आणि पोटच्या पोरीचा कळत नाही, या गोष्टीवर रागवायचं की हसायचं हे तिला चार दिवस ठरवता आलं नव्हतं. सांगून टाकावं, असं जिभेच्या टोकावर आलं होतं. पण सांगून कळण्यात काय अर्थ? सांगितल्यावर शेंबडं पोरही ओळखेल. कुणीतरी न सांगता ओळखावं, एकाने, फक्त एकाने, एवढीच तिची भूक होती, आणि ही भूक इतकी मोठी असेल हे तिलाही आधी माहीत नव्हतं.

"अगं करतेस ना?" अजिंक्यने विचारलं.

"करते. आधी बघू तरी दे कोण बघतंय."

कोण, ते दिसत नाही. किती, ते दिसतं. तिने पडद्यावर आलेख लावला. त्यांच्या तारेवरून किती जण त्या साइटींचा पत्ता विचारतायत, ते दाखवणारी एक हिरवी रेघ. रेघ जमिनीला चिकटून होती. नबीलाचा उत्साह जरा ओसरला, आणि तेवढ्यात तिला आठवलं की आज गुरुवार. या पट्ट्यात रविवारला कुणी विचारत नाही. इथली सुट्टी गुरुवारची, आणि सुट्टी म्हणून वीजवाल्यांचीही दुरुस्ती गुरुवारचीच. सकाळपासून दुपारपर्यंत खोल्याखोल्यांतून दिवे नाहीत, पंखे नाहीत. सिनेमे लागतात शुक्रवारी, आणि या लोकांना मोकळीक मिळते ती थेट पुढच्या गुरुवारी, जेव्हा छोटा सिनेमा थेटरातून गाशा गुंडाळत असतो. गोदाची कहाणी ज्यांची होती त्यांनाच ती थेटरात बघायची सोय नव्हती. तिला हे कळत होतं आणि तरी आतून एक वेडी घाई सुटली होती. येऊ दे, वीज येऊ दे. ती डबा झाकून रेघेकडे टक लावून बसली. आणि वीज आली. आधी रेघ नुसती थरथरली. मग तिने अंग झटकलं आणि वर चढायला लागली. निघोजे. महाळुंगे. कुरुळीच्या अलीकडच्या खोल्या. रेघ चढतच होती, आणि नबीलाचा ऊर तिच्याबरोबर. ते तिथे टीव्हीला मोबाइल जोडून बसले असतील. कॉटवर दोघं, खाली सतरंजीवर चौघं, दारात उभे दोघं. कुणी गुरुवार पाळणारे साबुदाण्याची खिचडी खात असतील. आणि त्या सगळ्यांच्या कानांत आत्ता, या मिनिटाला, आपण बोलतोय! चिंचवडला रिकाम्या खुर्च्या आणि इथे ही गर्दी. याला म्हणतात हाउसफुल्ल. तिला उठून नाचावंसं वाटलं. तिने अजिंक्यचा चहाचा कप उगाच उचलून दुसरीकडे ठेवला.

आणि या थेटराचं दार लावायचं काम तिच्याच हातात होतं, तेही तिने आपणहून मागून घेतलेलं. रेघ बघण्यात दीडेक तास गेला, आणि फोन वाजला तो नेमका भाग्यश्रीताईचा. ताई एका दमात बोलत सुटली. "नबीला, ऑर्डर मिळाली बघ! मी कोर्टात होते, वकिलाचा हात दाबून धरला होता मी. मोठ्या कंपन्यांनी केलं पण बंद. फक्त तुमच्या भागात अजून उघडतंय. संध्याकाळी त्या ऑनलाइनवाल्यांशी बोलणं आहे. ते म्हणतात, जे गावभर फुकट मिळतंय ते आम्ही विकत का घ्यावं? हे झालं तर पुढचा पिक्चर निघेल, नाहीतर मी परत लग्नांची शूटिंगं करणार. कर ना बाई पटकन."

"ताई," नबीला म्हणाली, "खूप लोक बघतायत."

"माहितेय गं. म्हणून तर."

"नाही, म्हणजे... खूपच बघतायत. आज सुट्टी आहे ना."

मग भाग्यश्रीताई हळू आवाजात म्हणाली, "खरंच? किती?" आणि तिच्याही आवाजात तीच चोरटी खुशी होती. दोघी एकदम हसल्या. मग ताईने नाक ओढलं आणि म्हणाली, "तरी पण बंद कर."

तरी पण. नबीलाने फोन ठेवला. या बाईने मला दार उघडून दिलं, आणि मी तिचं दार उघडं टाकून बसलेय, चोर ये-जा करतायत आणि मी मोजतेय. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या खालून पुन्हा तो आनंद उसळून वर आला. एकाच भांड्यात दोन्ही उकळत होतं. केबिनमधून ज्योतीरामशेठचा आवाज आला, "नबीला, झालं का गं? मेल टाकायचाय त्यांच्या वकिलाला." अजिंक्य म्हणाला, "त्या साइटींचा आयपीच मारून टाक. एका फटक्यात सगळं गार." ते तिला पटण्यासारखं नव्हतं. आयपी म्हणजे साइट ज्या मशिनवर राहते त्याचा नंबर; तो मारणं म्हणजे एका घराला कुलूप लावायचं म्हणून अख्खी गल्ली खणून ठेवणं; त्याच गल्लीत दुसऱ्या कुणाकुणाची दुकानं असतात, ती फुकट मरतात. शिवाय, आणि हे तिने अजिंक्यला सांगितलं नाही, गल्ली खणली की आत बसलेलेही अडकतात. दुसरी पद्धत सभ्य होती. लोक साइटीचं नाव घेऊन कंपनीच्या सर्व्हरला पत्ता विचारतात; सर्व्हरने फक्त म्हणायचं, असं कुणी इथे राहत नाही. नवीन येणारा दारातून परत जातो. आधीच आत गेलेल्याला पत्ता ठाऊकच असतो, तो शेवटपर्यंत बघून उठतो. नबीलाच्या मनाने या पद्धतीवर झडप घातली. कोर्टाचा मान राहील, ताईचं काम होईल, आणि वीज आल्या आल्या जे बसलेत त्यांचा सिनेमा पुरा होईल. थेटरातसुद्धा खेळ चालू असताना नवी तिकिटं देत नाहीत, पण बसलेल्यांना कुणी उठवतं का? तिने नावं एकेक करून सर्व्हरमध्ये चढवली, दोनदा ताडून पाहिली, आणि शेवटचं बटण दाबताना डोळे मिटून मनात म्हणाली, बसा, बसा, उठू नका.

रेघ हळूहळू, उतारावरून चालत आल्यासारखी, खाली यायला हवी होती. ती धाडकन कोसळली. नबीला बघतच राहिली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळं सपाट. आणि मग तिला कळलं, आणि कळल्यावर तिने कपाळावर हात मारला. या चोरांच्या साइटी सिनेमा एकगठ्ठा देत नाहीत; तुकडे तुकडे करून देतात, आणि दर तुकड्याला पत्ता बदलतात, कारण आज ना उद्या कुणीतरी दार लावणार हे त्यांनाही ठाऊक असतं. दर थोड्या वेळाने नव्याने पत्ता विचारावा लागतो. तिने नवीन माणसांना दारात अडवलं नव्हतं, बसलेल्या माणसांच्या तोंडावर दिवे घालवले होते. हे तिला माहीत नव्हतं असंही नाही. याच खुर्चीत बसून तिने गेल्या वर्षी अजिंक्यला हे समजावून सांगितलं होतं. पण आज तिला ते आठवायचंच नव्हतं; प्रेमात पडलेल्या माणसाला समोरचा खड्डा दिसत नाही तसं झालं होतं. तिने घड्याळाकडे पाहिलं. वीज आल्यावर ज्यांनी लगेच लावला असेल त्यांचा सिनेमा आता शेवटच्या प्रसंगात असणार. नेमका शेवटचा प्रसंग. आपल्याच वाक्याच्या आधी आपणच आपला गळा दाबला.

तक्रारींचे फोन कोपऱ्यातल्या टेबलावर यायचे. तिथे नेहा बसायची, एकटीच, कारण गुरुवारी कुणी फारसं फोन करत नसे. आधी एक वाजला, मग दुसरा, मग सगळे दिवे लुकलुकायला लागले. "सर, नेट चालू आहे तुमचं," नेहा सांगत होती. "नाही सर, तीच एक साइट... नाही सर, कोर्टाने... आम्ही नाही, कोर्टाने!" तिने हाताने माइक झाकला आणि ओरडली, "अगं नबीला, हे लोक चोरीचा पिक्चर बघत होते आणि तो बंद पडला म्हणून आपल्याकडे तक्रार करतायत! वर म्हणतात, रिचार्ज भरलाय. लाज म्हणून नाही." अजिंक्य पोट धरून हसायला लागला. खरंच, चोरीची म्हैस आटली म्हणून कुणी चौकीवर जातं का? पण इथल्या माणसांना ती चोरी वाटतच नव्हती. तार घरात आली, तारेतून जे येतं ते आपलं. आणि ते थांबलं की तारवाल्याला फोन. नबीला उठली. पाय आपोआप चालले. "दे एक लाइन मला," ती नेहाला म्हणाली, आणि जवळची खुर्ची ओढून तिने हेडफोन कानावर चढवला.

"हॅलो, नमस्कार, बोला."

"हॅलो, कंपनी का? मी म्हाळुंग्यावरून बोलतेय, सोजरबाई. ते आमचं पिक्चर अडकलं वो म्याडम. गोल गोल फिराय लागलं अन् मंग काहीच न्हाई."

बाईमाणूस. वयस्कर, दमदार आवाज, मागे चारपाच जणींचा कालवा. नबीलाने ठरलेलं वाक्य म्हटलं. "बाई, कोर्टाचा आदेश आहे. ती साइट आता उघडणार नाही. तो सिनेमा तिथे चोरून टाकलेला होता."

"चोरून? आमाला काय म्हाईत माय. पोरीनं लावून देलतं." सोजरबाई जरा थांबल्या. "बरं, न्हाई तर न्हाई. कोर्टाम्होरं आपलं काय चालतंय? पन येक सांगा. आमी धा-बारा जणी बसलोय इथं. समद्या उभ्याच्या कामाला हाव, कुनी निघोज्याला, कुनी इथं. ती गोदा बसाय स्टूल मागती, समद्या पोरींसाठी मागती, अन् त्यो साहेब येकच स्टूल आनून तिच्याम्होरं ठिवतो. म्हंतो, तू बस. तितंच अडकलं बगा. इथं भांडनं लागल्यात. ही म्हंती बसंल, ती म्हंती न्हाई बसायची. ती बसली का न्हाई, येवढंच सांगा. तुमी बघितलंय का पिक्चर?"

"बघितलंय," नबीला म्हणाली. "गोदाला राग येत नाही तिथे. ती आरडाओरडाही करत नाही. ती त्या स्टुलाकडे बघते, मग तिच्या शेजारी उभी असलेली ती पोटुशी पोरगी आहे ना, तिच्याकडे बघते. आणि एक श्वास घेते." आणि सांगता सांगता नबीलाने तो श्वास घेतला, मुद्दाम नव्हे, तो त्या जागी आपसूक येऊन बसला, पोटऱ्यांतून वर आलेला.

पलीकडचा कालवा थांबला.

"म्याडम," सोजरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "तुमचा आवाज लै तिच्यासारका हाय वो. त्या गोदासारका."

ऑफिसात नेहा कुणावर तरी तडकत होती, शेठ केबिनच्या दारात येऊन उभे होते, आणि नबीलाच्या डोळ्यांपुढून ती सही, ती अट, ताईला दिलेला शब्द, सगळं सरकून गेलं. हो म्हणायचं नव्हतं. नाही म्हणणं जमणार नव्हतं. न सांगता ओळखणारं एक माणूस, महाळुंग्यातल्या एका खोलीत, मोबाइल कानाला लावून उत्तराची वाट पाहत होतं.

"नाही, सोजरबाई," ती म्हणाली. "तिचा आवाज माझ्यासारखा आहे."

मग तिकडे मोबाइल कुठेतरी आपटल्याचा आवाज, आणि सोजरबाई लांबून कुणाला तरी ओरडताना, "अगं ये रुक्मिनी, टीव्ही बंद कर त्यो! पंखा बी बंद कर! या गं समद्या इकडं, तीच हाय, तीच बोलायली!" भांड्यांचा खणखणाट, कॉट करकरली, एका लेकराला कुणीतरी दटावलं. मग सोजरबाई पुन्हा जवळ आल्या. "म्याडम, पिकरवर टाकलंय बगा. बसल्यात समद्या. आता बोला."

हे कोर्टाच्या कुठल्या आदेशात बसतं, हे नबीलाला माहीत नव्हतं, आणि कधी नव्हे ते तिला विचारायचंही नव्हतं. ती खुर्चीवरून उठली. हे वाक्य बसून म्हणता येत नाही. अजिंक्यचं हसू चेहऱ्यावरच थिजलं होतं. नेहाने वाजणारा फोन उचललाच नाही. नबीलाने समोरच्या भिंतीकडे पाहिलं, आणि तिथे ना नटीचं तोंड होतं, ना पडदा, नुसती पांढरी भिंत होती आणि मागे बारा जणींची शांतता. तिने जीभ ओठांवरून फिरवली आणि भाकरीला मीठ मागावं तितक्या साध्या आवाजात म्हणाली,

"ऱ्हाऊ द्या ते तितंच. समद्याजणींना आणा, मंग म्या बी बसते."

एक क्षण, दुसरा क्षण. नबीलाला वाटलं लाइन तुटली. आणि मग महाळुंग्याच्या त्या खोलीत कुणीतरी बाईने दोन बोटं तोंडात घालून अशी सणसणीत शिट्टी मारली की तिचा कान बधिर झाला. पाठोपाठ टाळ्या, हसणं, पातेल्यावर कुणीतरी बडवणं, आणि त्या सगळ्या गदारोळावरून सोजरबाईंचा आवाज, "न्हाई बसली! म्या म्हनलं न्हवतं का गं, न्हाई बसायची!"

नबीलाने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरला.